रात्रीचं माप

यूरूननं नकाशावर पिवळ्या पेन्सिलनं
सूर्य काढला होता, तासातासाचा.
एप्रिलात सकाळी न्हाणीघराची काच,
दुपारी दोनला जेवणाचं टेबल,
आणि एकवीस जानेवारीला,
दोन महिन्यांच्या काळोखानंतर,
समोरच्या डोंगराच्या खिंडीतून जेमतेम चार मिनिटं
स्वयंपाकघराच्या भिंतीवर.
"ही भिंत कोरी राहू दे," मला म्हणाली,
"खिळासुद्धा नको."

मी सुतार. खिळा नको म्हटलं की मला बरंच वाटतं.

तिसरा मजला. जुनं काँक्रीट,
ट्रॉम्सोच्या बंदराकडे पाठ करून बसलेलं.
मधली भिंत पाडली. लिनोलियम उचकटलं.
पाइनच्या फळ्या टाकल्या आणि साबणाच्या पाण्यानं
तीनदा धुतल्या, पांढुरक्या होईपर्यंत.
तेलानं त्या पिवळ्या पडल्या असत्या,
आणि इथे डिसेंबरात
पिवळं ते सगळं दिव्याचं वाटतं,
दिवसाचं नाही.

गाठी मी मुद्दाम वर ठेवल्या.
एक तांबूस, घट्ट: फांदी जिवंत असताना
खोडानं तिला सामावून घेतलेलं.
शेजारची काळी, सैल: फांदी कधीच गेली होती,
झाड आपलं तिच्याभोवती वाढत राहिलं.
अंगठ्यानं दाबली तर निसटते.
ती डिंकानं बसवली.
रंधा शेवटचा फिरला तेव्हा
घरभर राळेचा वास होता
आणि आम्हा दोघांना वाटलं,
पाडला बुवा उजेड.

मे अखेरीला ओद्बयोर्ग आली.
इस्पितळात रात्रपाळी, सव्वीस वर्षं.
दाराशी बूट काढले, मोज्यांनी फिरली,
वाकून जमिनीला हात लावला,
मग तोच हात नाकाशी नेला.
रात्रीचे अकरा वाजले होते.
पाडलेल्या भिंतीच्या जागेतून
ऊन सरळ आत घुसून
पलंगाच्या उशीवर बसलं होतं,
पाहुण्यासारखं, उठायचं नाव नाही.

"सुंदर आहे," ती म्हणाली.
"आता मी झोपू कुठे?"

यूरूननं नकाशा उलगडला,
परत घडी केला.
तिच्या डब्यात करड्या रंगाची पेन्सिलच नव्हती.

"रात्री मी दुसऱ्यांची झोप राखते,"
ओद्बयोर्ग म्हणाली, तक्रार नसल्यासारखं,
"माझी मला दिवसाढवळ्या चोरावी लागते."

मग आम्ही रात्र बांधायला घेतली.
लांबी दोन मीटर आणि वर एक वीत,
रुंदी, कूस बदलता येईल एवढी.
बर्चची खोली, खोली कसली, पेटीच,
होडीतल्या बिछान्यासारखी,
आणि लार्चचं सरकतं दार,
कडेला मेंढीच्या लोकरीची पट्टी.
कुसवात कुसू बसताना
आवाज होत नाही, हुंकार होतो.

तपासायला मी आत बसलो, दार ओढून.
यूरून बाहेरून टॉर्च फिरवत होती.
"दिसतं?"
"दिसतं. वर, डावीकडे."
बाहेर येऊन रंधा मारला, परत आत.
"दिसतं?"
"केसाएवढं."
परत रंधा. परत आत.
"आता?"
मी लगेच उत्तर दिलं नाही.
बर्चचा वास, लोकरीचा वास,
माझेच श्वास.
आयुष्यभर खिडक्या बसवत आलो,
अंधाराला गुण्या कधी लावला नव्हता.
"अरे, आता?"
"जरा थांब," मी म्हणालो.

जानेवारीत तिचा निरोप आला:
किल्ली पायपुसण्याखाली आहे,
येऊन तुमची भिंत बघून जा.
मी तर कधी पाहायची नाही,
त्या वेळी मी झोपलेली असते.

गेलो. दाराशी बूट काढले.
बारा वाजायला थोडे बाकी.
भिंतीवर आधी जर्दाळूच्या सालीएवढं काही,
मग परातीएवढं,
मग एका खांद्यावर आलं, यूरूनच्या,
आणि ती हलली नाही.
आम्ही कुजबुजतसुद्धा नव्हतो.

लार्चच्या दारामागे
ओद्बयोर्ग घोरत होती.